ग्रीकमधला भाऊ अन् फोपनारचा भाऊ

पहिल्यांदा खटकलं ते पाहुण्या सरांचं 'फक्त' म्हणणं. लोधीपुऱ्यात आमचा बायबलचा अभ्यासवर्ग भरतो ना, तिथे ते म्हणाले, "ग्रीक बायबलात येशूचे 'अदेल्फोस' म्हणजे फक्त सख्खे भाऊ. चुलत भावाला ग्रीकमध्ये वेगळा शब्द होताच की."

मी दार वाजलं तरी दचकणारी, पण बोलून गेले, "शब्द तर आपल्याकडे पण आहे सर. आमच्या घरी तो कोणी वापरत नाही. माझा दिनेश हा काकाचा मुलगा आहे, पण भाऊच आहे."

"म्हणायला सगळेच भाऊ, बेटा," सर हसले. "वेळ आली की चुलत तो चुलतच."

सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता. मी दिनेशला फोन लावला अन् स्पीकर सुरू केला. "तुम्हीच ऐका, सर."

दिनेश गावी, फोपनारला केळीच्या बागेत होता. रिंग वाजून वाजून बंद पडली. सर पुढचं पान उलटू लागले. मी परत लावला.

शेवटी उचलला त्यानं. मी तोंड उघडायच्या आधीच, आजही सांगताना मान ताठ होते माझी, तो म्हणाला, "काय झालं ताई, घाबरली का? तिथंच थांब, गाडी काढली मी."