गाठी सोडल्या, बैलही सोडले

हसू नका गं! माझं पहिलं बाळंतपण सिझेरियनचं, म्हणून दुसऱ्यालाही नगरच्या डॉक्टरीणबाईंनी ऑपरेशनचा गुरुवार ठरवून दिलेला. अन् कळा सुरू झाल्या सोमवारीच, भर सकाळी, पाथर्डीकडच्या आमच्या वस्तीवर!

आमच्या ह्यांनी गाडीला बैल जुंपले आणि माझी पिशवी आणायला आत पळाले. आमच्याकडं कळा आल्या की घरातल्या सगळ्या गाठी सोडतात, बाई लवकर मोकळी व्हावी म्हणून. सासूबाईंनी माझी वेणी सोडली, कुलपं काढली, पोत्यांची तोंडं उघडली. हे बाहेर येऊन बघतात तर बैल पार ओढ्यापल्याड!

“आये, बैल कुनी सोडलं?”

“मीच! गाठ ती गाठच की!”

मग हे आणि धाकटे भावजी स्वतःच जुवाखाली गेले, सासूबाई मागून रेटायला. सडकेला लागलो तोच मागून नगरची एस.टी. आली, तिच्यात मला चढवलं! कंडक्टरनं मधे कुठंच थांबू दिली नाही, थेट दवाखाना.

मुलगी झाली, दोघी सुखरूप. टाके घालून डॉक्टरीणबाई बाहेर आल्या, तर सासूबाईंनी त्यांना गाठलंच.

“बाई, गाठी सैल मारल्यात न्हवं? फुडच्या खेपंला मलाच सोडाव्या लागतील!”