भरवलेला घास

कामंधामं टाकून आलात, चटयांवर दाटीवाटीनं बसलात, त्या सगळ्यांना प्रभूच्या नावानं नमस्कार. पुढच्या बायांनो, जरा सरकून घ्या, मागं उभ्या आहेत त्यांना जागा होईल. हं. आता ऐका मंडळी. आज एक गाठ सोडवायची आहे, आणि मला एकट्याला ती सुटत नाही.

शास्त्र सांगतं, माणसाचं तारण त्याच्या कर्मांनी होत नाही. दान केलंत, उपास केलात, देवळाला घंटा दिलीत — चांगलं केलंत, पण त्यानं स्वर्गाचं दार उघडत नाही. तारण कृपेनं, विश्वासाच्या द्वारे. पाठ आहे ना? माना डोलावल्या, बरं झालं. आता मला सांगा — विश्वास धरतं कोण? मीच ना? मग तेही माझंच कर्म झालं की! दान मी केलं तर ते चालत नाही, आणि विश्वास मी धरला तर तो चालतो — हा कुठला न्याय? आणि ज्याला धरताच येत नाही, त्यानं जायचं कुठं? शांतवनराव, पेटी थांबवू नका, सूर धरून ठेवा. सूर धरणं हे मात्र तुमचं कर्मच आहे, त्याबद्दल चहा मिळेल.

तर प्रवरेच्या काठी एक गाव आहे. नाव सांगत नाही, इथं त्या गावच्या लेकी बसल्यात. तिथं शमुवेल पाटोळे म्हणून एक गवंडी होते. सगळे त्यांना मिस्त्री म्हणायचे. गावातलं ख्रिस्ती देऊळ त्यांच्या हातचं. मंडळीचे पंच, पहिल्या बाकावरचे. स्वभाव कडक. कुणाचं फुकट घ्यायचं नाही. चहा पाजलात तर जाता जाता तुमच्या ओट्याची फुटकी कड नीट करून जायचे. उपकार अंगावर ठेवायचा नाही म्हणजे नाही!

त्या मंडळीची एक रीत होती. प्रभुभोजनाच्या रविवारी, प्रभूच्या आठवणीची भाकर घ्यायच्या आधी, सगळ्यांनी उभं राहायचं आणि विश्वासांगीकार म्हणायचा — आपण काय मानतो, ते सगळ्यांनी एका सुरात तोंडानं बोलायचं. मिस्त्री सुरुवात करायचे. आवाज असा, की वेशीपर्यंत जायचा. नवीन माणसाला भोजनाला घ्यायचं असलं की परीक्षाही तेच घ्यायचे. विश्वासांगीकार म्हणून दाखव. अडखळलास? घरी जा, पाठ कर, मग ये. भिंतीला ओळंबा लावावा तसा ते माणसाला लावायचे.

आणि बोलायचे काय? म्हणायचे, "कर्मानं कुणी तरत नाही. मी विश्वासानं तरलो. माझा विश्वास बघा, एवढी संकटं आली, तसूभर हलला नाही." ऐकलंत? कर्माला पुढच्या दारानं बाहेर काढलं, आणि तेच नाव बदलून मागच्या दारानं आत येऊन बसलं! मिस्त्रींना वाटायचं, देऊळ बांधलं तसा हा विश्वासही आपण बांधलाय. हसू नका, तुमच्या-माझ्या घरातही तो पाहुणा मुक्कामाला आहे.

मग एके सकाळी कामावर घमेल्यापासून उठताना मिस्त्री खाली कोसळले. अर्धांगाचा झटका. उजवं अंग गेलं, वाचा गेली. दवाखान्यात पडून राहिले, घरी आले, आणि हळूहळू तोंडात एक शब्द परत आला. एकच. कोणता? चुना! पाणी हवं — चुना. कूस बदला — चुना. बायकोला सगुणा म्हणून हाक मारायला जावं, तर तोंडातून चुनाच. माणूस आत शाबूत होता हो, सगळं कळत होतं, पण बाहेर येताना प्रत्येक शब्दाचा तोच होत होता. आधी गावाला हसू आलं. मग कुणाला हसवेना.

भेटायला माणसं यायची. खाटेशेजारी बसायची, आणि उठताना सांगून जायची, "मिस्त्री, विश्वास धरा. कमी पडू देऊ नका." माणसं मायेनंच बोलायची, पण मिस्त्रींना ते सुरीसारखं लागायचं. कारण डोळे मिटून ते मनातल्या मनात विश्वासांगीकार म्हणायला जायचे, आणि चार शब्दांपुढं वाट बंद! पुढचं काही आठवायचंच नाही. आणि त्याहून वाईट म्हणजे, आत चाचपून बघितलं तर विश्वासही हाताला लागेना. लागायची ती भीती. ज्या एका गोष्टीवर आपण उभे होतो, तीच गेली. आपण बुडालो. आता मरण आलं तर देवापुढं काय घेऊन जायचं? मंडळी, पंचाच्या उशाला ही भीती होती, आणि सांगायला शब्द होता एकच.

प्रभुभोजनाचा रविवार आला. रिवाजाप्रमाणे देवळाचे पाळक हिवाळेसाहेब भाकर आणि द्राक्षरसाचा प्याला घेऊन आजाऱ्याच्या घरी आले. खाटेजवळ उभे राहिले, प्रार्थना केली, भाकर मोडली आणि पुढं केली. मिस्त्रींनी तोंड मिटलं. भिंतीकडं फिरवलं.

हिवाळेसाहेबांना आधी वाटलं, समजलं नसेल. पुन्हा पुढं केली. मिस्त्रींनी चांगला हात उचलला, ओठांवर बोट ठेवलं, आणि नाही म्हणून मान हलवली. तेव्हा साहेबांच्या ध्यानात आलं. जो नियम ह्या माणसानं आयुष्यभर दुसऱ्यांना लावला, तोच तो आता स्वतःला लावत होता. म्हणता येत नाही, म्हणून भोजन नाही!

साहेबांनी समजावलं. कृपा सांगितली, शास्त्रातले दाखले सांगितले. सगळं खरं, सगळं बरोबर. पण मिस्त्री ते आधीपासून जाणून होते, इतरांना त्यांनीच शिकवलं होतं. भिंतीकडचं तोंड वळलं नाही. डोळ्यांतून मात्र पाणी चाललेलं.

सगुणाबाई पायथ्याशी उभी होती. तिला काही सिद्धांत सांगायचा नव्हता, बरं का. ती वैतागली होती. रात्रंदिवस उठबस करून बाई थकली होती, आणि हा माणूस रुसून पडलाय!

"अहो," ती म्हणाली, "सकाळी दूधभाकरी कुस्करून भरवली, ती कशी खाल्लीत? तेव्हा नाही तोंड फिरवलंत ते?"

मिस्त्रींनी तिच्याकडं बघितलं.

"दळलं कुणी? थापली कुणी? तुम्ही नुसतं तोंड उघडलंत. का त्याचीही मजुरी लावणार आहात मला?"

हिवाळेसाहेबांना हसू फुटत होतं, त्यांनी ते दाबलं. पण बाई थांबली नव्हती. तिचा आवाज एकदम खाली आला.

"आणि तोंड उघडलंत म्हणून तरी मिरवू नका. दवाखान्यातनं आणलं तेव्हा तेही उघडत नव्हतं. हनुवटीला बोट लावून मी उघडत होते. गळ्यावरनं हात फिरवला की मग घोट उतरायचा. आठवत नाही तुम्हाला. मला आठवतंय. मी तेव्हा म्हटलं का, आधी नीट तोंड उघडा, मग जेवायला वाढते?"

मिस्त्री तिच्याकडं बघत राहिले. जन्मभर कुणाचा चहासुद्धा फुकट न घेतलेला माणूस — आणि इतके दिवस जगला होता तो कशावर? दुसऱ्याच्या हातच्या घासावर. तो घास गिळण्याचं बळही दुसऱ्यानंच आणून दिलं होतं! हे त्याला त्या क्षणी कळलं, आणि कळलं तसा तो लहान लेकरासारखा रडला.

साहेबांनी भाकर पुन्हा पुढं केली. आता मिस्त्रींना तोंड उघडायचं होतं, पण हुंदक्यांनी ओठ थरथरत होते, जबडा ऐकत नव्हता. सगुणाबाई वाकली. हनुवटीला बोट लावलं. साहेबांनी तुकडा आत ठेवला. तिनं गळ्यावरनं हात फिरवला, आणि घास उतरला.

शांतवनराव, आता वाजवा.

रिते माझे हात । तेच पुढे केले ।
देणे तुझे आले । देवराया ॥
कसे मागू, काय । नव्हते ठाऊक ।
तूच दिली भूक । देवराया ॥

आता गाठीचं बघू. विश्वास हे कर्म आहे का? विश्वास धरतो मीच, हे खरं, माझ्याऐवजी दुसरं कुणी नाही धरत. पण तोंड उघडणं ही भाकरीची किंमत नव्हे, आणि तोंड उघडतं तेही कुणाचं तरी बोट हनुवटीला लागतं म्हणून. मागून कुणीतरी पुटपुटतोय — सगळंच मिळतंय तर आम्ही हातपाय कशाला हलवायचे? अरे बाबा, पोटभर जेवलेला माणूस आपण होऊन उठतो आणि कामाला लागतो. जेवण मिळावं म्हणून नव्हे, मिळालं म्हणून!

आणि आता तुमच्याकडं वळतो. तोंडं फिरवू नका. गेल्या वर्षभरात तुम्ही किती आजाऱ्यांच्या खाटेशी बसलात? उठताना काय म्हणालात? "विश्वास कमी पडला, नाहीतर बरा झाला असता." म्हणालात का नाही? कुणाचं मूल गेलं, कुणाचं घर मोडलं, आणि आपण त्याच्या दारात विश्वास मोजायला उभे राहिलो. तो आधीच बुडत होता, आपण वर दगड ठेवला. मी तर म्हणतो, ज्याला आपला विश्वास मोठा वाटतो, त्यानं आज मुकाट्यानं मागच्या चटईवर जाऊन बसावं. आणि ज्याला वाटतं माझ्याजवळ काहीच उरलं नाही, प्रार्थनासुद्धा येत नाही, त्यानं इथं पुढं यावं. येताना काही आणू नका.

उद्या अशा कुणाकडं जाल, तर विश्वासाचं विचारू नका. त्यानं सकाळपासून काही खाल्लंय का, ते विचारा. आणि नसेल खाल्लं, तर शेजारी बसून भरवा.