आठवं ताट

हॅलो?… हॅलो, कोण बोलतंय?… आवाज तुटतोय. थांबा, हौदावर चढते, हितं रेंज तितंच असती… हां. बोला आता.

व्हय, दादासोंचंच घर… मी समीक्षा. पोरगी त्यांची, थोरली… तुमी कोण?

…पृथ्वीराज काका. मिल्ट्रीतलं… व्हय व्हय, वळखलं की. माझ्या आण्णांच्या संगं सांगलीला हॉस्टेलात हुता. तीन वर्सामागं फोन केला हुता तुमी… न्हाई, घाबरले न्हाई. चढून आले न्हवं, दम लागलाय.

एक मिंट हं काका… ए सिद्धू. आरं हिकडं बघ. आण्णा कुठं हायती?… मेंढी अडलीया? मग त्यास्नी तितंच ऱ्हाऊ दे. हिकडं येऊ देऊ नगंस. फोन कुणाचा म्हणलं तर कंपनीचा म्हण. पळ.

हां काका… कोण आण्णा?… ते व्हय. चुलतं. चुलत्याला बी आमी आण्णाच म्हणतो. तुमी बोला.

…उद्या? सांगलीत?… बरं. पंचवीस वर्सं झाली तुमच्या हॉस्टेलच्या मित्रमंडळाला. चांगलं हाय की… न्हाई, आईला जमायचं न्हाई… आवं न्हाई जमत… गाडी पाठवू नका. काका, गाडीचं न्हाई वो, तिला… ऐका की जरा. ऑर्डर दिल्यावानी काय बोलताय, ही काय तुमची पलटण हाय?

…न्हाई, रागाला न्हाई आले. माझा आवाजच असा हाय.

पुस्तक छापलंय?… स्मरणिका म्हंजी पुस्तकच की. काय हाय त्यात?… वाचा. ऐकती.

…जयराज डॉक्टर. साताऱ्याला डोळ्याचा दवाखाना… म्हाताऱ्या माणसांचं मोतीबिंदू फुकट काढत्यात. बरं… विश्वजित सायेब, पाटबंधाऱ्यात… कुठला कॅनॉल?… आमच्या वस्तीच्या खालनं जातोय तो? आवं त्येचं पाणी खाली जातंय, आमाला नुसतं दिसतंय. ते बी छापा त्यांच्या पानावर… हसू नका, खरंच सांगती… यशराज, शिराळ्याला उसाच्या रोपांची नर्सरी. हं… आन् तुमी पलूसला भरतीचं ट्रेनिंग देता. तीनशे पोरं लागली? तीनशे म्हंजी लय झाली… तुमचा फोटू बाकीच्यांपरास मोठा हाय का?… सारखाच हाय. मग बरं केलासा.

…व्हय, ऐकतीया. तुमी वाचताय ते सगळं कळतंय मला. शिकले न्हाई म्हणून बहिरी न्हाई.

…नववीत सोडली… माझ्या मर्जीनं. का म्हंजी? वर्गातली बाई म्हणली, तू मेंढरंच राखायच्या लायकीची. म्हणलं बरं, राखती. आन् दप्तर उचललं. मागनं हाका मारल्या त्यांनी, मी वळून बघितलं न्हाई… न्हाई, परत कशाला जाऊ. माझं सोडा. पुढचं पान कुणाचं?

…आण्णांचं?

…काय लिवलंय त्यात?… 'कैलासवासी'… हं… हाय मी, हाय. वाचा.

…बोर्डिंग? कुणाचं बोर्डिंग?… आण्णांच्या नावानं? कवा काढलं?… ते वारल्याचं कळल्यावर. त्याच साली. सात जणांनी मिळून… मेंढरं घेऊन फिरणाऱ्यांच्या पोरांसाठी. आईबाप कोकणात उतरली तरी पोराची शाळा बुडू ने म्हणून… किती पोरं हायती?… बावीस.

…न्हाई, रेंज गेली न्हाई. थांबा, एक इचारायचं हाय.

पोरी किती?… आवं बावीस जणांत पोरी किती?… एक बी न्हाई. सात शिकलेली माणसं एका जागी बसला, आन् एकाच्या बी डोक्यात आलं न्हाई व्हय.

…लिवून घ्या, घ्या. आत्ताच घ्या. नंतर इसरता तुमी.

काय, सिद्धू?… आडवं आलंय कोकरू? मग मला काय सांगतोस, मी काय करू? गरम पाणी घेऊन जा. चुलीवर हाय… काका, काय न्हाई, धाकटा भाऊ. मेंढी अडलीया. चालू द्या तुमचं.

…ताट? कसलं ताट?… दर साली जमल्यावर आण्णांचं ताट वाढता? आठवं?… हॉस्टेलात आठ जणं एका स्टोवर रांधायचा म्हणून. हं… काय वाढता त्यात?… वांगं? आण्णा वांगं खाईत न्हाईत… म्हंजी खाईत नसायचं. लांबनं वास आला तरी उठून जायचं… तवा खायचं? लय आवडीनं? काका, एकच भाजी असल्यावर माणूस आवडीनंच खातंय… मग ते ताट खातंय कोण?… वॉचमन. बरं हाय. त्येला तरी आवडत असंल.

…सांगितलं ना, आई येणार न्हाई. शाल नगं, नारळ नगं. तुमीच ठेवा… नुसतं पाच मिंटं कशापायी?… फोटूला हार?… कोण घालणार?

…आई. स्टेजवर जाऊन. आण्णांच्या फोटूला.

…न्हाई… न्हाई म्हणते ना मी. मन घट्ट कराय काय झालंय? माझी आई रुपयाएवढं कुक्कू लावती कपाळाला. सकाळी आण्णांसंगं भांडून शेळ्या घेऊन गेलीया माळाला. तिच्या हातनं तुमी… गप बसा. काका, दोन मिंटं गप बसा तुमी. सांगती.

आण्णा मेलं न्हाईत.

…जित्तं हायती. हितं, घराच्या मागं. चुलता बिलता कोण न्हाई. मेंढीच्या पोटात हात घालून कोकरू फिरवाय लागल्यात… मीच. मीच सांगितलं हुतं तुमाला, वारलं म्हणून. दुसरं कुणी न्हाई. आईला ठावं न्हाई, आण्णास्नी बी न्हाई.

…घाला. शिव्या घाला. घालून झाल्या की सांगा, मग बोलती.

…झालं?

त्या दिवशी तुमचा पाचवा फोन हुता. पैला आला तवा मी स्पीकर लावला हुता. आण्णा भाकरी खात बसलं हुतं. तुमी असंच वाचाय लागला, कोण डॉक्टर झालं, कोण सायेब झालं, कुणाचा सत्कार झाला. आन् शेवटाला म्हणला, आमचा दाद्या काय करतो गं?… व्हय, मायेनंच म्हणला असशीला. पण आण्णांनी हातातला तुकडा खाली ठिवला. मला खुणेनं म्हणलं, घरात न्हाई म्हण. आन् भाकरी तशीच टाकून उठलं. माझ्या बापाला मी भाकरी टाकताना कवा बघितलं न्हवतं. दुसऱ्या फोनला घरात न्हाईत म्हणलं. तिसऱ्याला म्हणलं, चौथ्याला म्हणलं. पाचव्याला माझं टाळकं फिरलं. म्हणलं, वारलं, आता करू नका फोन.

…चौदाची हुते. आता सतरा… व्हय, अक्कल न्हवती. आता बी लय हाय असं न्हाई.

पण तुमाला एक इचारू?… तुमी बोर्डिंग काढलासा, पुस्तक छापलासा, ताट वाढताय. आन् हितं कोण आलं? मातीला न्हाई, दहाव्याला न्हाई, वरीस झालं तवा न्हाई. सांगली किती लांब हाय वो, दोन तासं… म्हणले हुते. येऊ नका, आमी मेंढरं घेऊन कोकणात चाललोय, असं म्हणले हुते मीच. आन् तुमी ऐकलासा. काका, माणूस गेल्यावर घरची येऊ नका म्हणत्यातच. तरी बी माणसं येत्यात. एक जरी आला असता ना तुमच्यातला, तर त्याच दिवशी मी घावले असते. महिनाभर वाटंवर गाडी वाजली की मी हौदावर चढून बघायचे. गाडी म्होरं निघून जायची.

…हॅलो?

…काका?

…मागं कोण हाय तुमच्या? आवाज येतोय… सगळे? साती जण तितंच बसलाय? आन् फोन स्पीकरवर… कवापास्नं?… पैल्यापास्नं. बरं. मग ते कॅनॉलवालं बी ऐकत्यात… ऐकू द्या. पाणी वर येत न्हाई ते खरंच हाय.

…कोण रडतंय ते?… डॉक्टर. डॉक्टर माणूस असून.

…काय करत्यात म्हंजी? मेंढरं हायती साठ. बाजरी असती. पुस्तकात छापाय कार्य बिर्य काय न्हाई… हां, एक हाय. आसपासच्या चार वस्त्यांवर मेंढी अडली की आण्णास्नीच न्यायला येत्यात. त्यांचा हात बारीक हाय, आत गेला की मेंढीला कळत बी न्हाई. जनावराचा डॉक्टर आटपाडीस्नं येईस्तवर कोकरू गेलेलं असतंय. पैसं घेत न्हाईत. च्या बी घेत न्हाईत, हात धुतलं की निघत्यात… किती वाचवली? कोण मोजतंय. तुमच्यावानी मोजायची सवय न्हाई आमाला.

…हां, सिद्धू?… सुटली? दोन हायती?… बरं. आण्णा काय करत्यात?… हात धुत्यात. बरं, तू तितंच थांब. काय बोलू नगंस.

काका, ऐका… न्हाई, मला द्या फोन म्हणू नका. असं फोनवर अचानक दिला तर ते परत उठून जातील. मी वळखती माझ्या बापाला… बोर्डिंग बंद करू नका हां. त्या पोरांनी काय केलंय? नुसतं नावाम्होरचं ते 'कैलासवासी' तेवढं खोडा… पाचशे पुस्तकं छापून झाल्यात? मग बसा साती जण पेन घेऊन. हॉस्टेलात अभ्यास करत हुता तसं.

…काय?

…आत्ता? उद्याचा कार्यक्रम सोडून?… साती जण?… आवं पण हितं बसाय जागा न्हाई, खुर्च्या दोन हायती… एका गाडीत मावता तरी का तुमी आता… काका, ऐका माझं. यायचं तर या. हार आणू नका, शाल आणू नका, ते पुस्तक तर अजिबात आणू नका. आन् आल्या आल्या कोण काय झालं ते सांगत बसलासा तर मी कुत्रं सोडीन. मेंढीचं इचारा. कोकरू कसं फिरवलं ते इचारा, मग ते बोलत्यात… लय बोलत्यात, तासभर.

…निघाला बी? आवं, आवाज कसला तो, गाडी चालू केली का?… थांबा, थांबा की. निदान चार तरी वाजू द्या, ऊन उतरू द्या… काका, ठेवा आता फोन. ठेवा लौकर. आण्णा हिकडंच याय लागल्यात, आन् तुमी पोचायच्या आत मला त्यास्नी सांगायचं हाय, 'आण्णा, तुमी तीन वर्सामागं वारलाय' म्हणून.