टेपचं दुसरं टोक

टेलरबाई : ...आणि आठवा माणूस आला तेव्हा गळ्यातली टेपसुद्धा काढून द्यावी लागली मला. म्हणून म्हटलं, तुमच्याकडे बघावं. काकांची ती लांब टेप असेल ना अजून? चामड्याच्या डबीतली?

काकू : आठ जणांना एकदम कपडे शिवायचेत?

टेलरबाई : कपडे कसले, काकू! साहेबांचं घर मोजायचंय. तुम्ही खिडकी नाही उघडली का आज? गेटवर ही गर्दी आहे. जो तो टेप घेऊन आलाय. सुतार आलाय, फरशीवाला आलाय. एका आजींनी तर लोकरीच्या धाग्याला गाठी मारून आणल्यात. कंपाउंडची भिंत मोजतात, आकडा ओरडून सांगतात, आणि सगळे टाळ्या वाजवतात.

काकू : पोलीस काही म्हणत नाहीत?

टेलरबाई : काय म्हणणार? भिंत मोजायला कुठे बंदी आहे? उलट हवालदारानंच थोडा वेळ टोक धरलं होतं. आजींचा हात भरून आला म्हणून.

टेपकाका : बाई, टेप गंजली ती. काही उपयोग नाही.

टेलरबाई : अगंबाई, काका घरात आहात! मला वाटलं, झोपलात. मग टेप राहू द्या, तुम्हीच चला. सगळे तुमचंच नाव घेतायत. चौतीस वर्षं घरपट्टी खात्यासाठी घरं मोजलीत तुम्ही. तुम्ही नुसतं लांबून बघितलंत तरी सांगाल, आत किती खोल्या आहेत ते.

टेपकाका : गुडघा दुखतोय.

टेलरबाई : काल तर चांगले बाजारात दिसलात.

टेपकाका : म्हणूनच दुखतोय.

काकू : बसा बाई. पाणी घ्या.

टेलरबाई : पाणी नको, काकू, माझं रक्त उसळतंय नुसतं. पेपर वाचलात ना तुम्ही? अकरा वर्षं! अकरा वर्षं अर्ध्या घराचा कर भरतोय हा माणूस. मागच्या चार खोल्या कागदावर नाहीतच म्हणे. आणि मागच्या निवडणुकीत मतं मागताना दारोदार काय सांगत होता? शेवटच्या विटेचासुद्धा कर भरा. माझ्या दारात उभा राहून सांगितलं. माझ्या गॅलरीखाली! जिच्या इंचन् इंचाचा मी कर भरते. ती गॅलरी कुणी मोजली, आठवतं ना काका?

टेपकाका : नियम होता.

टेलरबाई : असू दे हो. तुमच्यावर राग नाही माझा. आणि आता काय म्हणतोय, ऐकलंत? मी काय मोजणीदार आहे का? खात्यानं मोजलं, मी भरलं. झालं! हात झटकून मोकळा. हे... इथला फोटो कुठे गेला?

काकू : कुठला?

टेलरबाई : कुठला काय, काकू! साहेबांचा, काकांची टेप धरलेला. घड्याळाशेजारी लटकायचा तो. खिळा आहे, फोटो नाही.

टेपकाका : काढून ठेवला. भिंतीला रंग द्यायचाय.

टेलरबाई : आणि घड्याळ रंगात भिजलं तरी चालेल? बरं केलंत काढलात ते. मीसुद्धा दुकानाच्या पाटीवरून पुसून टाकलं सकाळी. ‘साहेबांच्या बंगल्याचे पडदे आमच्याकडे शिवले’. त्या एका ओळीवर किती गिऱ्हाइकं आली असतील मला! पण काका, तो फोटो तर तुम्ही गेटवर घेऊन यायला हवा. तो किस्सा सांगायला हवा तिथे.

काकू : कशाला तो किस्सा आता?

टेलरबाई : का? खात्यानं मोजलं म्हणतो ना तो? मग खात्याचा माणूस आपल्या गल्लीत बसलाय! मला तर पाठ आहे सगळा. काका बंगला मोजायला गेले तेव्हा शिपाई सोबत होता. साहेब म्हणाले, त्याला चहा पिऊ द्या, टेपचं टोक द्या इकडे. आज मी तुमचा शिपाई!

काकू : बाई...

टेलरबाई : पांढरेशुभ्र कपडे, हातात पितळी टोक. काका इकडून ओरडले, बरोबर आहे का साहेब? साहेब तिकडून म्हणाले, बरोबर आहे, मोजणीदारसाहेब! मला, मला साहेब म्हणाले! असं छातीवर हात ठेवून सांगता ना तुम्ही? माझ्या भाचीच्या लग्नात नवरदेवाकडची माणसं जेवण टाकून ऐकत होती.

काकू : आमच्या लेकीच्या सासरी पहिल्याच भेटीत सांगितला. ती माणसं मुलीबद्दल विचारत होती आणि हे साहेबांबद्दल सांगत होते.

टेलरबाई : साहेब म्हणाले बरोबर आहे, आणि मी आकडा लिहून टाकला. इथे सगळे हसतात. आणि मग...

टेपकाका : बस करा.

टेलरबाई : मग काका...

टेपकाका : बस करा म्हटलं ना.

काकू : चहा टाकू का?

टेलरबाई : काका, टोक कुणी बघितलं?

टेपकाका : कुठलं टोक?

टेलरबाई : साहेबांच्या हातातलं. माझी गॅलरी मोजलीत तेव्हा शिपाई आजारी होता, टोक मी धरलं होतं. तुम्ही तिकडून चालत आलात आणि हात लावून बघितलंत, भिंतीला टेकलंय की नाही. चार बोटं अंतर होतं. पोटात पोर होतं माझ्या, पाठ टेकवत नव्हती. तुम्ही म्हणालात, बाई, मागे सरका. पाठ भिंतीला लावा. चोरी नको. चोरी म्हणालात तुम्ही, काका.

टेपकाका : तो नियम आहे. टोकाला हात लावल्याशिवाय आकडा लिहायचा नाही.

टेलरबाई : मग साहेबांच्या टोकाला कुणी हात लावला?

टेपकाका : ...

टेलरबाई : फोटो दाखवा मला.

टेपकाका : कशाला?

काकू : गादीखाली आहे. आणते मी.

टेपकाका : अगं...

काकू : आणते. कालपासून त्या काचेवर झोपतेय मी. पाठ लागत नाही.

(काकू आतून फोटो आणते. टेलरबाई तो खिडकीपाशी नेऊन, डोळ्यांजवळ धरून बघते. टेपकाका खिळ्याकडे बघत बसतात.)

टेलरबाई : हा निळा पडदा.

काकू : हो.

टेलरबाई : हा मी शिवलाय. अकरा वर्षं तुमच्याकडे येते, चहा पिते, या फोटोखाली बसते. साहेबांकडे बघायची. पडद्याकडे कधी बघितलंच नाही. काकू, हा पडदा दोन्ही बाजूंनी सुलटा आहे.

काकू : म्हणजे?

टेलरबाई : म्हणजे उलटी बाजूच नाही त्याला. बंगल्यावरच्या वहिनींनी बजावून सांगितलं होतं, मागूनही तितकाच चांगला दिसला पाहिजे. दुप्पट कापड लागलं. भिंतीसमोरच्या पडद्याला कुणी दुप्पट कापड घालतं का? मागून कोण बघणार? भिंत? काका, मागे खोली होती. मला कळायला हवं होतं. मी शिवताना एवढासुद्धा विचार केला नाही. मी तर पाटी रंगवायला दिली होती.

टेपकाका : तुमचा काय दोष त्यात.

टेलरबाई : आणि तुमचा?

काकू : सांगा.

टेपकाका : तुला सगळं माहीत आहे.

काकू : मला काल कळलं. तेही त्या मुलीचा फोन आला म्हणून. बाई, यांच्या खात्यात खिडकीवर बसते ना, ती. हे आकडे आणून द्यायचे, ती वहीत उतरवायची. तिला परवा घरी बसवलंय. नोंद तिच्या अक्षरात आहे म्हणून. ती रडत विचारत होती, काका आहेत का, आकडा त्यांचाच होता, एवढंच त्यांनी सांगितलं तरी पुरे. आणि हे इथे, या खुर्चीत बसून मला हातानं खुणा करत होते.

टेलरबाई : कसल्या?

काकू : नाही म्हणून सांग. मी सांगितलं, बाहेरगावी गेलेत. आयुष्यात त्या मुलीशी पहिल्यांदा खोटं बोलले. दर वर्षी नवीन दिनदर्शिका आणून द्यायची ती यांना.

टेलरबाई : काका, पैसे घेतले होते का?

टेपकाका : नाही! एक रुपयासुद्धा नाही. चहासुद्धा शिपायानं प्यायला, मी नाही.

टेलरबाई : मग?

काकू : लग्नात सांगता तसा नको आता. झाला तसा सांगा.

टेपकाका : दिवाणखाना होता. मी दाराशी. साहेब टोक घेऊन गेले पलीकडे. पडद्यापाशी थांबले. मी वाकून टेप ताणली, तेव्हा फरशी दिसली.

टेलरबाई : कसली फरशी?

टेपकाका : हिरवी. भिंत आली की शेवटची फरशी कापावी लागते, बाई. कुठेही जा, कापलेला तुकडा असतोच भिंतीपाशी. तिथे कापलेली नव्हती. अख्खी फरशी पडद्याखालून आत गेली होती. फोटोत बघा, साहेबांच्या चपलेशेजारी. दिसतेय.

काकू : खरंच की.

टेपकाका : अकरा वर्षं दिसतेय. मी रोज सकाळी काच पुसताना बोट तिथे येऊ द्यायचो नाही.

टेलरबाई : दिसलं होतं, तर बोलला का नाहीत?

टेपकाका : काय बोलणार? एवढा मोठा माणूस वाकून माझ्या टेपचं टोक धरतोय. आज मी तुमचा शिपाई म्हणतोय. त्याला म्हणू, मागे सरका? म्हणू, मी येऊन हात लावून बघतो, तुमच्यावर विश्वास नाही? त्यानं दम दिला असता तर बरं झालं असतं. लाच दिली असती तरी चाललं असतं, निदान नाही म्हणायला काहीतरी हातात असतं. त्यानं काहीच केलं नाही, बाई. फक्त हसला. आणि माझी जीभ उचलली नाही.

टेलरबाई : माझ्यासमोर उचलली.

टेपकाका : हो.

टेलरबाई : पोटुशी बाईला चोर म्हणायला उचलली.

टेपकाका : हो. लिहिताना हात थांबला होता. तेवढ्यात कुणीतरी फोटो काढला. मग काय, फोटो झाल्यावर कोण विचारतो? घरी येईपर्यंत त्याचा किस्सा झाला होता. हिला जिन्यातच सांगितला. सांगत राहिलो. जितक्यांदा सांगितला तितकी ती फरशी लहान होत गेली. परवा पेपर आला आणि परत अख्खी झाली.

काकू : परवापासून जेवले नाहीत नीट.

टेलरबाई : म्हणून गुडघा दुखतोय होय?

टेपकाका : लोक तिथे त्याला शिव्या घालतायत. मला इथे ऐकू येतात. प्रत्येक वेळी वाटतं, आता माझं नाव घेतील. आणि तुम्ही येऊन सांगता, सगळे तुमचंच नाव घेतायत. मोजायला या म्हणून! एवढी लाज आयुष्यात कधी वाटली नाही मला.

टेलरबाई : मी निघते.

काकू : बाई, थांबा.

टेलरबाई : नाही काकू, काय थांबू? तिथे जाऊन काय सांगू? गुडघा दुखतोय म्हणून सांगते.

काकू : सांगू नका. हे येतायत.

टेपकाका : मी कुठे म्हणालो?

काकू : तुम्ही काहीच म्हणाला नाहीत. तिथेच तर सगळं बिघडलंय. फोटो घ्या, गेटवर चला, आणि ती फरशी दाखवा त्यांना. म्हणावं, आकडा माझा. खिडकीतल्या मुलीनं फक्त उतरवला.

टेपकाका : पेन्शन थांबवतील.

काकू : थांबवू देत. बाईंच्या इथे काजं-बटणं करीन मी. शिकवाल ना हो मला?

टेलरबाई : काकू, तुम्हाला सुईत दोरा ओवता येत नाही.

काकू : दोरा हे ओवतील. घरीच असतात.

टेपकाका : लोक काय म्हणतील? अख्ख्या गावाला मी किस्सा सांगितलाय.

टेलरबाई : म्हणतील ना. मी तर आत्ताच म्हणायला सुरुवात केलीय, बाकीच्यांचं सोडा. पण ती पोरगी रडतेय, काका. ऐकताय ना?

टेपकाका : तिथे गेल्यावर साहेब बाहेर आले तर?

काकू : आले तर आले.

टेपकाका : तसेच हसले तर? मोजणीदारसाहेब म्हणाले तर? माझी जीभ परत...

काकू : थांबा. बाई, ती डबी द्या कपाटावरची. हो, तीच. टोक ओढा. गंजलीबिंजली काही नाही, बघा, दर महिन्याला तेल घालतात. तिकडे जाऊन उभ्या रहा. भिंतीला टेकू नका. अलीकडेच थांबा.

टेलरबाई : इथे?

काकू : तिथेच. बाई, तुम्ही साहेब. आणि तुम्ही उठा हो. म्हणा.

टेपकाका : काय हा पोरखेळ.

काकू : म्हणा.

टेलरबाई : बरोबर आहे, मोजणीदारसाहेब!

टेपकाका : ...

टेलरबाई : मी हसतेय बघा काका. तसंच हसतेय ना?

टेपकाका : साहेब... मागे सरका.

काकू : मला इथे ऐकू आलं नाही. तिथे गर्दी आहे.

टेपकाका : साहेब, मागे सरका.

टेलरबाई : किती?

टेपकाका : पाठ भिंतीला लागेपर्यंत.

टेलरबाई : लागली.

टेपकाका : थांबा. मी येऊन हात लावून बघतो.