वर आणू नका

पापडीला भाड्याने घर बघतोयस म्हणून सांगतो. तिथे बाजारातच आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहायचो. वडील दिवसभर गॅलरीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांशी बोलायचे. ते हॉस्पिटलमध्ये वारले आणि आम्ही त्यांना घरी आणायला निघालो, तेवढ्यात घरमालकाचा फोन आला.

"वाईट झालं. पण बॉडी वर आणू नका. उद्या मला भाडेकरू मिळणार नाही."

"काका, आई वर वाट बघतेय."

"मग आईंना खाली आणा."

आईला जिने उतरवत नाहीत. आम्ही तिला खुर्चीत बसवून खाली आणलं. ॲम्ब्युलन्स रस्त्यात उभी होती. तळमजल्यावरच्या मॅगीबायने आपलं दार उघडलं आणि म्हणाली, "रस्त्यावर नको ठेवू त्यांना. माझ्या पडवीत आण."

आईने तिथे, परक्याच्या पडवीत, वडिलांच्या तोंडात तुळशीपत्र ठेवलं.

दिवसकार्य झाल्यावर मी दुसरी जागा शोधायला लागलो. आई म्हणाली, "तुमच्यापुरती बघ. मला गावी सोड. मी गेल्यावर तिथे मला घरात घ्यायला कोणाला विचारावं लागणार नाही."

मी तिला समजावत बसलो नाही. सोडून आलो.