छत धरलेला माणूस

...नाही पण मला सांगा, न्हाणीघराच्या छताकडे बघतं कोण हो? माणूस आत जातो, आपलं उरकतो, बाहेर येतो. पण आमच्या हिल्डाची बहीण म्युरिएल शनिवारी चहाला यायची होती आणि त्याच सकाळी हिल्डाला एकदम वरचं दिसायला लागलं. "क्लिफर्ड, घाई नाही हं, पण ते पोपडे..." तुम्हाला सांगतो, आमच्या हॅलिफॅक्समध्ये बायको 'घाई नाही' म्हणाली की समजायचं, आजच. वर म्हणते, "नाहीतर शेजारच्या ट्रेव्हरला सांगू?"

झालं! नळ ट्रेव्हरने बसवला, कुंपण ट्रेव्हरने रंगवलं, घड्याळालासुद्धा चावी तोच देऊन जातो. म्हटलं निदान डोक्यावरचं छत तरी माझ्या हातचं असू दे. काढली शिडी. धूळ घरभर नको म्हणून दार लावून घेतलं आणि एका पोपड्याखाली पत्र्याची पट्टी घालून लागलो खरवडायला. अहो, काय सुटत होता रंग! एक पोपडा दुसऱ्याला धरून, पांढऱ्याखाली हिरवा, हिरव्याखाली कुणा रसिकाचा गुलाबी, हात थांबेचना, आणि गुलाबीबरोबर गिलावाच सुटला. अख्खाच्या अख्खा. दोन्ही हात वर लावले म्हणून तिथेच राहिला, पण शिडी सरकून दाराला आडवी बसली. मी कसाबसा टबाच्या काठावर उभा, डोक्यावर छत.

हाक मारायची होती, म्हणता? मारणारच होतो. तेवढ्यात बाहेरून हिल्डा, "क्लिफर्ड, ठीक आहेस ना?" आणि तोंडातून काय निघावं? "ठीक आहे, थँक्यू." निघतंच ते. आमच्या वडिलांच्या पायावर पियानो पडला तेव्हा तेही हेच म्हणाले होते.

हाताला मुंग्या, नाकात चुना, आणि म्युरिएल आली. लांबून बसने आलेली, वयस्कर बाई... आणि संडास घरात एकच, तोही याच न्हाणीघरात.

"हा कधीचा आत आहे गं?"

"काम करतोय."

"कसलं काम?"

मग हिल्डा, "क्लिफर्ड, अजून किती वेळ रे?" मी म्हटलं, "होतच आलंय, थँक्यू." माझंच होत आलं होतं.

शेवटी म्युरिएल बिचारी ट्रेव्हरकडे गेली आणि येताना ट्रेव्हरलाच घेऊन आली. त्याने दार ढकललं, फटीतून डोकं घातलं. "ठीक आहे ना, क्लिफर्ड?" मी म्हटलं, "ठीक आहे, थँक्यू," आणि सवयीने एक हात हलवला.

आलं सगळं खाली.

धुरळा बसला. मग ट्रेव्हर म्हणाला, "रंग मात्र स्वच्छ निघालाय हो." हिल्डा सरळ चहाचं आधण ठेवायला गेली. ओरडली असती तर परवडलं असतं. छत ट्रेव्हरनेच केलं, अगदी आरशासारखं, आणि रोज दात घासताना मला ते बघावं लागतं.

तो निघाला तेव्हा मी आपलं म्हटलं, "तुझ्याकडे काही काम असेल तर सांग हं." आता हे म्हणायचं असतं, मनावर घ्यायचं नसतं, हे शेंबडं पोरही जाणतं. ट्रेव्हरने घेतलं, त्याच्या न्हाणीघराचं छत खरवडायला मलाच बोलावलं.

म्हणून हे असं. हा टब त्याचा, हे छत त्याचं, शिडी तिकडे दाराला आडवी, आणि हे हात माझे, तुम्ही बघताच आहात. ऐका, त्याची बायको आली दाराशी. "क्लिफर्ड, ठीक आहात ना?"

"ठीक आहे, थँक्यू."

...अहो, तुमच्यापैकी कुणी जरा जाऊन तिला सांगाल का, की... नको, राहू द्या. तिला कशाला उगाच त्रास.