कच्चे टाके

ऑपरेशनच्या खोलीबाहेर घड्याळं दुरुस्त करणारा एक घड्याळजी आपल्या बहिणीचा नंबर लागायची वाट पाहत होता. शेजारी शिवणकाम करणाऱ्या एक बाई बसल्या होत्या. त्यांचा नवरा आत, बाहेर सोबतीला दीर. तो म्हणाला,

"वहिनी, आता सगळी चिरफाड यंत्राच्या हातानं. मोबाइलनं घड्याळं खाल्ली, हे यंत्र डॉक्टरांना खाईल. तुमची सुई तर गेलीच समजा."

घड्याळजीनं घड्याळ बांधलेलं मनगट हळूच बाहीत सरकवलं.

"सुईचं मरो, भावजी. हे शुद्धीवर येऊ देत."

दार उघडून डॉक्टरीणबाई आल्या.

"छान झालं, काकू. टाकेही घातले."

"यंत्रानं?" दिरानं विचारलं.

"वरचे मी. सुईदोऱ्यानं."

बाई पुढे झाल्या.

"मग उसवायला कधी आणू?"

"उसवायचे नाहीत. दोरा आपोआप विरघळतो."

"गाठीसकट?"

"गाठीसकट. तोवर जखम आतून जुळून येते."

"अगंबाई! म्हणजे तुमचे नुसते कच्चे टाके! पक्की शिलाई झाली की आम्ही काढून टाकतो, तसे."

"अगदी तस्से."

"आणि पक्की शिलाई कोण घालतं?"

"तुमचे यजमान. आत्ता, झोपेतच सुरुवात केलीये त्यांनी."

"ह्यांनी?" बाईंचा आवाज एकदम खाली आला. "जन्मात कधी सुईत दोरा ओवला नाही हो ह्यांनी!"